जपानी शब्दकोशाचे सॉफ्टवेअर: नोंद वाचायची कशी, विश्वास ठेवायचा किती

जपानी शिकणाऱ्याला शब्दकोशाची गरज पहिल्या आठवड्यापासून लागते आणि पहिला अडथळाही तिथेच येतो. मराठी किंवा इंग्रजी शब्दाचा अर्थ ठाऊक नसला तरी तो वाचता येतो, आणि वाचता आला की कोशात सापडतो. कांजीमध्ये, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांत, लिहिलेला शब्द समोर आला तर मात्र त्याचा उच्चार माहीत असल्याशिवाय तो उच्चारक्रमाने रचलेल्या कोशात शोधता येत नाही, आणि उच्चार पाहण्यासाठीच तर कोश उघडायचा असतो. त्यात जपानी लिखाणात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे नवख्याला कळत नाही. क्रियापदे तर प्रत्ययांमागून प्रत्यय लावून इतकी लांबतात, की त्यांचे मूळ रूप ओळखणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

सॉफ्टवेअरने या तिन्ही अडचणी बऱ्याच अंशी सोडवल्या आहेत. ब्राउझरमध्ये शब्दावर माऊस नेला की उच्चार आणि अर्थ डोळ्यांसमोर येतात. पण ही सोय अंगवळणी पडली की पहिला दिसलेला अर्थ उचलून पुढे जाण्याची सवय लागते आणि ती अभ्यासाला मारक ठरते, अनुवादाला तर घातकच. कोश आपल्यासमोर शक्यता ठेवतो. त्यांतली कोणती खरी हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते, आणि ते नीट ठरवायचे तर सॉफ्टवेअर शब्दापर्यंत कसे पोहोचते, त्याच्या पोटात कोणती माहिती आहे आणि नोंदीतल्या बारीक खुणांचा अर्थ काय, हे माहीत असायला हवे.

आधी एकेका कांजीचा शोध. छापील कांजी-कोशात प्रत्येक अक्षर त्याच्या एका ठरावीक मूलांगाखाली, म्हणजे अक्षराचा मुख्य मानलेल्या भागाखाली, लावलेले असते. परंपरेने अशी 214 मूलांगे मानली जातात, आणि कोणत्या अक्षराचे मूलांग कोणते हे अंदाजाने नेहमीच कळते असे नाही. सॉफ्टवेअरने ही अट सैल केली. अक्षरात जे जे भाग डोळ्यांना दिसतात ते निवडायचे आणि ते सर्व भाग असलेली अक्षरे समोर मांडून घ्यायची, अशी ही पद्धत आहे. उदाहरणार्थ, ‘विश्रांती घेणे’ या अर्थाच्या ‘यासुमु’ या क्रियापदाची कांजी म्हणजे डावीकडे माणूस आणि उजवीकडे झाड. हे दोन भाग निवडून रेघांची संख्या 6 अशी दिली की उरलेल्या मोजक्या अक्षरांत ती चटकन सापडते. बोटाने अक्षर काढून दाखवण्याची सोयही बहुतेक ॲप्समध्ये असते, मात्र त्यातली काही सॉफ्टवेअर रेघांचा क्रम आणि दिशा पाहून अक्षर ओळखतात, म्हणून क्रम शिकून घेतलेला बरा. छापील मजकुराचा फोटो काढून अक्षरे ओळखून घेण्याची सोय आता फोनवरही आहे. सुबक छपाईवर ती उत्तम चालते, पण उभ्या ओळींच्या जुन्या मजकुरावर किंवा सजवलेल्या अक्षरांवर ती चुकते, आणि एखादी रेघ कमी-जास्त झाली तर वेगळीच कांजी हाती येते.

उच्चारावरून शोधणाऱ्या मराठी माणसाला एक सुखद धक्का बसतो. जपानी कोशांचा आजचा वर्णक्रम आपल्याला जवळजवळ पाठच असतो. आधी अ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम सिद्धम् लिपीचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून, म्हणजे थेट संस्कृत वर्णमालेच्या प्रभावातून, आलेला आहे. आपल्या ‘च’च्या जागी ‘सा’ दिसतो, कारण त्या ओळीचा प्राचीन उच्चार च-वर्गाच्या जवळचा होता असे मानले जाते. ‘प’च्या जागी ‘हा’ दिसतो, कारण जपानीतला आजचा ‘ह’ पूर्वीच्या ‘प’पासून आला आहे. ओत्सुकि फुमिहिको यांचा ‘गेन्काइ’ हा 1889 ते 1891 या काळात प्रसिद्ध झालेला आधुनिक जपानी कोश याच क्रमाने रचलेला होता. ऱ्हस्व-दीर्घाचे भान हीदेखील मराठी विद्यार्थ्याची जमेची बाजू आहे. ‘ओजिसान’ म्हणजे काका किंवा मामा आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा, हा फरक रोमन अक्षरांत टंकताना एक स्वर गाळला की नाहीसा होतो. ‘किनेन’ म्हणजे स्मरण आणि ‘किन्-एन’ म्हणजे धूम्रपानबंदी. दुसरा शब्द हवा असेल तर टंकताना बहुतेक ठिकाणी ‘एन’ हे अक्षर दोनदा दाबावे लागते, आणि हे माहीत नसले की शब्द कोशातच नाही असा गैरसमज होतो.

एक अक्षर शोधणे त्या मानाने सोपे आहे. खरी कसोटी सलग वाक्यात लागते. टोकियो महानगराचे अधिकृत नाव ‘तोक्योतो’ हे तीन कांजींत लिहितात. यातल्या पहिल्या दोन कांजी एकत्र घेतल्या तर ‘टोकियो’ होते आणि तिसरी ‘महानगर’ या अर्थाने वेगळी उरते. पण पहिली कांजी वेगळी काढून शेवटच्या दोन एकत्र घेतल्या, तर त्याच अक्षरांतून ‘पूर्व’ आणि ‘क्योतो’ असे दोन शब्द निघतात. जपानी माणूस हा दुसरा अर्थ मनातही आणत नाही, पण यंत्राला दोन्ही वाटा सारख्याच मोकळ्या असतात. कुदो ताकु यांनी तयार केलेले ‘मेकाब’ हे मुक्त सॉफ्टवेअर या कामासाठी फार वापरले जाते. ते वाक्यातून निघू शकणाऱ्या सर्व शब्दांचे जाळे उभे करते. प्रत्येक शब्दाला आणि शेजारशेजारच्या दोन शब्दांच्या जोडीला एक किंमत दिलेली असते, आणि ज्या वाटेची एकूण किंमत सर्वांत कमी ती वाट निवडली जाते. या किमती माणसांनी आधी तोडून दाखवलेल्या मजकुरावरून शिकवलेल्या असतात. त्यामुळे वृत्तपत्री गद्यावर हे साधन सहसा अचूक चालते, तर बोलीभाषेत, कवितेत किंवा नव्या शब्दांपाशी अडखळते.

ब्राउझरमधली कोश-साधने यापेक्षा साधी युक्ती वापरतात. पूर्वी ‘रिकाइचान’ आणि ‘योमिचान’ लोकप्रिय होती. 2023 मध्ये योमिचानचा विकास थांबला आणि आता त्याच धर्तीवरचे ‘योमितान’ चालते. माऊस जिथे असेल तिथून पुढची काही अक्षरे उचलायची, सर्वांत लांब जुळणारा शब्द आधी शोधायचा आणि न सापडल्यास शेवटचे अक्षर सोडून पुन्हा शोधायचे, अशी ही रीत आहे. क्रियापदे सापडावीत म्हणून प्रत्यय सोलून काढण्याचे नियम त्यात भरलेले असतात. एक लांब रूप पाहू: ‘ताबेसासेरारेताकुनाकात्ता’. भूतकाळ काढला की ‘ताबेसासेरारेताकुनाइ’ राहते, नकार काढला की ‘ताबेसासेरारेताइ’, इच्छा काढली की ‘ताबेसासेरारेरु’, कर्मणी प्रयोग काढला की ‘ताबेसासेरु’, प्रयोजक काढला की शेवटी ‘ताबेरु’ म्हणजे ‘खाणे’ हाती लागते. संपूर्ण रूपाचा अर्थ होतो, ‘मला जबरदस्तीने खायला लावले जाऊ नये असे वाटत होते’. ही प्रत्येक पायरी योमितान पडद्यावर दाखवते आणि अभ्यासाच्या दृष्टीने ती अर्थाइतकीच मोलाची असते, कारण व्याकरणाच्या पुस्तकात सुटी सुटी शिकलेली रूपे इथे एकमेकांना जोडलेली दिसतात. विद्यार्थ्याने ती ओळ वाचून, तीच साखळी दुसऱ्या एखाद्या क्रियापदाला स्वतः लावून पाहावी.

या पद्धतीची मर्यादाही एका नेहमीच्या शब्दात दिसते. ‘जाणे’ या अर्थाच्या ‘इकु’चे भूतकाळी रूप ‘इत्ता’, आणि ‘आयोजित करणे, पार पाडणे’ या अर्थाच्या ‘ओकोनाउ’चे भूतकाळी रूप ‘ओकोनात्ता’. कानाला हे शब्द कुठेच सारखे नाहीत, पण कांजीत लिहिताना दोन्ही रूपे अक्षरशः एकसारखी दिसतात. माऊस नेल्यावर साधन दोन्ही देते, बहुधा ‘जाणे’ वर आणि ‘आयोजित करणे’ खाली. आता दोन वाक्ये घ्या. ‘शाचो वा काइगि नि...’ आणि त्यापुढे हे रूप असेल तर अर्थ ‘कंपनीचे अध्यक्ष बैठकीला गेले’. ‘शाचो वा काइगि ओ...’ आणि पुढे तेच रूप असेल तर ‘अध्यक्षांनी बैठक घेतली’. निर्णय ‘नि’ आणि ‘ओ’ या एकाक्षरी प्रत्ययांवर झाला, म्हणजे माऊसखाली असलेल्या शब्दाच्या अलीकडे. माऊसपासून पुढे पाहणाऱ्या साधनाला अलीकडचा प्रत्यय विचारात घेता येत नाही, तो वाचणाऱ्यालाच पाहावा लागतो. मराठी वाचकाला विभक्तिप्रत्यय पाहून अर्थ लावण्याची उपजत सवय असते, ती जपानी वाचतानाही जागी ठेवली की अशा ठिकाणी फसगत होत नाही.

आता नोंदी येतात कुठून ते पाहू. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातले जिम ब्रीन यांनी 1991 मध्ये ‘एडिक्ट’ नावाची जपानी–इंग्रजी शब्दांची फाइल सुरू केली. तिचेच विस्तारलेले रूप म्हणजे आजची ‘जेएमडिक्ट’. तिच्यात सुमारे दोन लाख नोंदी आहेत, वापरणारे लोक दुरुस्त्या सुचवतात आणि संपादक त्या तपासून घेतात. श्रेय देऊन कोणीही वापरावी अशा मुक्त परवान्याखाली ती उपलब्ध असल्यामुळे ‘जिशो’, ‘ताकोबोतो’, ‘इमिवा’ अशा बहुतेक फुकट कोशांच्या मुळाशी हीच फाइल असते. हे माहीत नसलेला विद्यार्थी तीन ॲप्समध्ये तोच अर्थ पाहतो आणि खात्री झाली असे समजतो. वास्तविक त्याने एकाच साक्षीदाराला तीनदा विचारलेले असते. पडताळणी करायची तर वेगळ्या संपादकांनी केलेला कोश उघडला पाहिजे.

उदाहरणवाक्यांच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. या कोशांमध्ये दिसणारी बरीच वाक्ये ‘तानाका संग्रहा’तून आलेली आहेत. प्राध्यापक तानाका यासुहितो यांनी विद्यार्थ्यांकडून जपानी–इंग्रजी वाक्यांच्या जोड्या जमवून घेतल्या, त्या दोन लाखांहून अधिक झाल्या, आणि पुढे तो संग्रह ‘तातोएबा’ या सामूहिक प्रकल्पात सामील झाला. वर्षानुवर्षे त्याची साफसफाई चालू आहे, तरीही अनैसर्गिक इंग्रजी, पुस्तकी जपानी आणि चुकलेल्या जोड्या त्यात अजून भेटतात. शब्दाचा वापर ढोबळमानाने समजून घ्यायला ही वाक्ये चांगली आहेत, पण अनुवादाचा आधार म्हणून ती पुरेशी नाहीत.

नोंद पूर्ण वाचणे म्हणजे काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला ‘बाइतो’ या शब्दात दिसते. काताकाना, म्हणजे मुख्यतः परकीय शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या जपानी लिपीत लिहिलेल्या या एकाच शब्दाचे तीन निरनिराळे उगम आहेत. जर्मनमधून आलेल्या ‘आरुबाइतो’चा संक्षेप म्हणून त्याचा अर्थ अर्धवेळ नोकरी, इंग्रजीतून आलेला शब्द म्हणून संगणकातला बाइट, आणि डच भाषेतून आलेला शब्द म्हणून लेथवर धातू कापण्याचे टूल. विद्यार्थ्याला पहिला अर्थ लगेच भेटतो. पण पुणे-चाकण परिसरातल्या जपानी कंपन्यांची कागदपत्रे अनुवादित करणाऱ्याला तिसराच लागतो, आणि तो नोंदीत तळाशी असतो. ‘बाइतो दर पाळीला तपासावा’ या सूचनेचा अर्थ अर्धवेळ कामगारांची तपासणी असा झाला तर काय होईल, हे सांगायला नको. ‘फुर्यो’ हा शब्दही तसाच आहे. रस्त्यावरच्या तरुणाला लावला तर वाया गेलेला मुलगा, कारखान्याच्या अहवालात आला तर सदोष माल. अर्थांपुढे ‘संगणक’, ‘यंत्रशास्त्र’, ‘संक्षेप’ अशा विषयखुणा दिलेल्या असतात, त्या ओलांडून जाऊ नये.

खुणांपैकी व्याकरणाच्या खुणा विद्यार्थ्याला सर्वांत उपयोगी आहेत. ‘किरु’ म्हणजे कापणे आणि ‘किरु’ म्हणजे अंगात घालणे, ही दोन क्रियापदे निरनिराळ्या गटांत मोडतात. कापण्याचे जोडरूप ‘कित्ते’ होते आणि घालण्याचे ‘किते’. गट कोणता हे नोंदीत ‘गोदान’ किंवा ‘इचिदान’ असे दिलेले असते आणि अर्थासोबत तेही पाठ केले नाही तर पुढे प्रत्येक रूप अडते. दुसरी खूण सकर्मक-अकर्मकाची. ‘ओचिरु’ म्हणजे पडणे, ‘ओतोसु’ म्हणजे पाडणे. मराठीत पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या आपण रोज वापरतो, म्हणून ही खूण पाहिली की मनात लगेच योग्य मराठी क्रियापद उभे राहते.

‘नित्य वापरातला शब्द’ अशी जी खूण दिसते तिचा आधार शब्दयाद्या हा आहे, आणि त्यांत वृत्तपत्रांतील वारंवारतेला मोठे स्थान आहे. साहजिकच राजकारण आणि अर्थव्यवहार यांतले शब्द तिथे पुढे येतात आणि घरातल्या स्वयंपाकाचे किंवा आजारपणाचे शब्द मागे राहतात. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या पातळ्यांच्या खुणांबद्दलही असेच आहे. ‘एन-5’ ते ‘एन-1’ अशा पाच पातळ्यांची सध्याची परीक्षा 2010 मध्ये सुरू झाली, पण तिच्या आयोजकांनी शब्दांची अधिकृत यादी प्रसिद्ध केलेली नाही. ॲपमध्ये एखाद्या शब्दापुढे ‘एन-3’ असे लिहिलेले असले तरी तो जुन्या याद्यांवरून काढलेला अंदाज असतो, परीक्षेची हमी नव्हे.

आता मराठी अनुवादकासमोरच्या खास अडचणीकडे येतो. आपल्याला हाताशी असलेले बहुतेक सर्व कोश जपानी–इंग्रजी आहेत, म्हणजे जपानीतून मराठीत येताना वाटेत इंग्रजीचा मुक्काम होतो आणि तिथे काहीतरी सांडते. ‘सामुइ’ आणि ‘त्सुमेताइ’ या दोन्हींसमोर कोश इंग्रजीतला एकच ‘कोल्ड’ देतो. प्रत्यक्षात हवेची थंडी, अंगाला जाणवणारी थंडी ती ‘सामुइ’, आणि हाताला गार लागणाऱ्या पाण्याचा गारवा तो ‘त्सुमेताइ’. चहा गार झाला असेल तर तिसरेच क्रियापद, ‘सामेरु’. मराठीत आपण ‘थंडी वाजते’, ‘पाणी गार आहे’ आणि ‘चहा निवला’ असे तिन्ही वेगवेगळे सहज म्हणतो, पण इंग्रजी अर्थावरून अनुवाद करणारा तिन्ही ठिकाणी ‘थंड’ लिहून मोकळा होतो.

नात्यांमध्ये गुंता आणखी वाढतो. ‘ओजि’ला इंग्रजीत ‘अंकल’ म्हटले की मराठीत काका की मामा हा प्रश्न उभा राहतो. जपानी शब्द स्वतः तो प्रश्न सोडवत नाही. मात्र लिहिताना तो दोन वेगळ्या कांजी-जोड्यांनी लिहितात, एक आई किंवा वडिलांच्या मोठ्या भावासाठी आणि एक धाकट्या भावासाठी. म्हणजे जपानी लेखन वय सांगते आणि बाजू सांगत नाही, तर मराठी शब्द बाजू सांगतो आणि वय सांगत नाही. कादंबरीत हा शब्द पहिल्यांदा आला तिथेच काका की मामा हे ठरवण्यासाठी अनुवादकाला कधी कधी पुढची शंभर पाने वाचावी लागतात. कोशाने इंग्रजीत एक शब्द देऊन विषय संपवला म्हणून आपला संपत नाही.

यावरचा उपाय जपानी–जपानी कोश हाच आहे, आणि माझ्या मते तो लोक समजतात त्यापेक्षा बराच आधी हाती घ्यावा. इवानामी प्रकाशनाचा ‘कोजिएन’ 1955 मध्ये प्रथम निघाला, 1987 मध्ये त्याच्या तिसऱ्या आवृत्तीची सीडी-रॉम आली आणि 2018 मध्ये सातवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. सान्सेइदोचा ‘दाइजिरिन’ आणि शोगाकुकानचा ‘दाइजिसेन’ हेही फोनवर आणि संगणकावर मिळतात. यांत एक मूलभूत फरक आहे आणि अनुवादकाने तो विसरू नये. कोजिएन अर्थ ऐतिहासिक क्रमाने देतो, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी येतो. दाइजिरिन आजचा अर्थ आधी देतो. कोजिएनमधला पहिला अर्थ उचलून आजच्या बातमीचा अनुवाद केला तर हजार वर्षांपूर्वीचा अर्थ तिच्या माथी बसू शकतो. सुरुवातीला व्याख्येतले शब्दच कठीण वाटतात हे खरे, पण ‘गोष्ट’, ‘प्रकार’, ‘अवस्था’, ‘त्या अर्थाने’ असे काही शब्द व्याख्यांत पुन्हा पुन्हा येतात. ते परिचयाचे झाले की वाचनाला वेग येतो. ‘सामुइ’ची जपानी व्याख्या हवामानाचा उल्लेख करते आणि ‘त्सुमेताइ’ची स्पर्शाचा, इतके दिसले तरी काम झाले.

मराठीतून जपानीत जाताना हीच तपासणी उलट दिशेने करावी. इंग्रजी–जपानी कोशातून मिळालेला प्रत्येक शब्द पुन्हा जपानी–जपानी कोशात उघडून पाहावा आणि मग खऱ्या मजकुरात तो कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो ते शोधावे. जपानच्या राष्ट्रीय भाषासंशोधन संस्थेने सुमारे 10 कोटी 43 लाख शब्दांचा समकालीन लेखी जपानीचा समतोल संग्रह तयार केला आहे. ‘शोनागोन’ या साधनातून त्यात फुकट शोध घेता येतो. औषध ‘पितात’ (कुसुरि ओ नोमु), सर्दी ‘ओढतात’ (काझे ओ हिकु), वचन ‘राखतात’ (याकुसोकु ओ मामोरु), आणि स्वप्न मात्र आपल्यासारखेच ‘पाहतात’ (युमे ओ मिरु). कोणते नाम कोणत्या क्रियापदाशी जाते हे नुसत्या शब्दार्थावरून कधीच कळत नाही, ते अशा संग्रहातल्या वीस-पंचवीस ओळी वाचल्या की मनात ठसते.

उच्चारातील स्वरभेदाविषयी थोडक्यात. ‘हाशि’चे तीन अर्थ आहेत: जेवणाच्या काड्या, पूल आणि कडा. टोकियोच्या प्रमाण उच्चारात ते आवाजाच्या चढउताराने वेगळे होतात. दाइजिरिनमध्ये शब्दापुढे आकडा असतो: काड्यांना 1, पुलाला 2 आणि कडेला 0. आवाज कितव्या अक्षरानंतर उतरतो ते तो आकडा सांगतो आणि शून्य म्हणजे उतरत नाही. पुलाच्या बाबतीत हा उतार पुढचा प्रत्यय जोडल्यावरच ऐकू येतो, म्हणून शब्द ‘गा’ किंवा ‘ओ’ लावूनच म्हणून पाहावा.

विशेषनामे हा कोशांचा सर्वांत कच्चा दुवा आहे, आणि अनुवादात नाव चुकले तर माणूस दुखावला जातो. एकाच एकाक्षरी आडनावाचा उच्चार ‘हिगाशि’ किंवा ‘आझुमा’ असू शकतो. दोन कांजींनी लिहिलेले बाईंचे एकच नाव ‘युको’ असते तसे ‘हिरोको’ही असते. नावांसाठी जेएमडिक्टच्या जोडीची ‘जेएमनेडिक्ट’ ही स्वतंत्र फाइल आहे, ती सर्व संभाव्य उच्चार पुढे ठेवते, पण समोरची व्यक्ती यातला कोणता वापरते हे कोणताच कोश सांगू शकत नाही. त्यासाठी संस्थेचे अधिकृत पत्रक, भेटकार्ड किंवा ती व्यक्ती स्वतः, एवढेच आधार उरतात.

यंत्रानुवाद आता इतका सफाईदार झाला आहे की कोशाची गरज उरली का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. माझे उत्तर ठाम आहे: गरज वाढली आहे. जपानी वाक्यात कर्ता वारंवार अध्याहृत असतो आणि यंत्र तो स्वतःच्या अंदाजाने भरून काढते. देण्याच्या क्रियापदाचेच पाहा. ‘कुरेरु’ म्हणजे मला किंवा माझ्या माणसांना कोणीतरी देणे आणि ‘आगेरु’ म्हणजे आपण दुसऱ्याला देणे. कर्ता लिहिलेला नसला तरी कोणी कोणाला दिले हे क्रियापदच सांगते. यंत्राने उलट लिहिले असेल तर ते वाक्य इतके गुळगुळीत असते की चूक डोळ्यांना खुपत नाही. कोशातली ‘कुरेरु’ची नोंद उघडली की मात्र देण्याची दिशा पहिल्याच ओळीत सापडते.

अभ्यासासाठी या साधनांची एक शिस्त मी आग्रहाने सुचवतो. परिच्छेद एकदा माऊसला हात न लावता वाचावा, न कळलेल्या शब्दांचा उच्चार आणि अर्थ मनाशी ठरवावा आणि मगच कोश उघडावा. अंदाज बांधून मग तपासलेला शब्द स्मरणात राहतो, आयता मिळालेला पुढच्या ओळीपर्यंतही टिकत नाही. योमितानमधून शब्द थेट ‘आंकी’ या उजळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पाठवता येतो. तो पाठवताना ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य सोबत ठेवावे, आणि नोंदीतले सगळे अर्थ न भरता त्या वाक्यातला एकच अर्थ ठेवावा. दुसरा अर्थ दुसऱ्या वाक्यात भेटेल तेव्हा त्याचे वेगळे कार्ड करावे.

जेएमडिक्टच्या नोंदींना इंग्रजीशिवाय जर्मन, फ्रेंच, रशियन, डच, स्पॅनिश, हंगेरियन अशा भाषांतले अर्थही जोडलेले आहेत. त्यांत मराठी नाही. पण योमितानमध्ये आपण स्वतः तयार केलेला कोश भरता येतो. मूळ शब्द, त्याचा उच्चार, व्याकरणाची खूण आणि मराठी अर्थ एवढी माहिती ठरावीक रचनेच्या फाइलमध्ये मांडली की माऊस नेल्यावर इंग्रजीच्या शेजारी मराठी अर्थही दिसू लागतो. सुरुवात ‘सामुइ’, ‘त्सुमेताइ’, ‘सामेरु’, ‘ओजि’, ‘कुरेरु’ अशा, इंग्रजीच्या वाटेने येताना अर्थ गमावणाऱ्या शब्दांपासून करावी आणि प्रत्येक शब्दासोबत एक जपानी वाक्य व त्याचे मराठी रूप द्यावे. एखाद्या वर्गातील विद्यार्थ्यांनी अशा नोंदी एकाच फाइलमध्ये जमा केल्या आणि शिक्षकांनी प्रत्येक नोंद जपानी–जपानी कोशावरून तपासून दिली, तर ती फाइल पुढच्या वर्षीच्या वर्गाला जशीच्या तशी वापरता येते आणि तिच्यात भर घालण्याचे कामही त्या वर्गाकडे सोपवता येते.